राणीचा ताम्रपट आणि आपले कागद

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अमरावती येथे झालेल्या शिबिरातील भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राचे नाव 'पुरावा कसा गोळा करावा' असे छापले आहे. तुम्ही वह्या उघडून बसला आहात. सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, या सगळ्यांबद्दल मी बोलणारच आहे. पण त्याआधी एका विधवेची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याच मुलखातली आहे आणि सोळाशे वर्षांपूर्वीची आहे. नवरा गेला तेव्हा मुलगा लहान होता. कारभार तिने हातात घेतला आणि किमान तेरा वर्षे चालवला. नंतर घराण्याची वंशावळ लिहिली गेली, तेव्हा त्या तेरा वर्षांचा उल्लेखसुद्धा कुणी केला नाही. आपल्या केंद्रात येणाऱ्या कितीतरी बायांची गोष्ट अशीच असते. हिच्यात फरक एवढाच, की ही राणी होती. तिच्या नावाचे कागद तांब्याचे होते, म्हणून ते टिकले.

तिचे नाव प्रभावतीगुप्ता. मगधाच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची, म्हणजे ज्याला विक्रमादित्य म्हणतात त्याची, ती मुलगी. लग्न झाले विदर्भाच्या वाकाटक घराण्यातल्या दुसऱ्या रुद्रसेनाशी. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे रामटेकजवळचे नगरधन. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाची सुरुवात.

मी इतिहासाची अभ्यासक नाही. समाजकार्याची पदवी घेतली आणि या कामात पडले. पण हिची माहिती वाचताना माझ्या लक्षात आले, की इतिहासकार जे करतात तेच आपण रोज करतो. अर्धामुर्धा पुरावा हातात असतो, आणि त्यातून एका बाईचे आयुष्य उभे करायचे असते. ते लोक हे कसे करतात आणि कुठे चुकले, हे पाहिले तर आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे.

पहिली गोष्ट अचलपूर तालुक्यातल्या चम्मक गावची. तिथे प्रभावतीच्या मुलाचा, दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला. 'भोजकट' राज्यातले हे गाव त्याने एक हजार ब्राह्मणांना दान दिले, अशी ती सनद आहे. तिच्या सुरुवातीला राजाची वंशावळ आहे. रुद्रसेन, त्याचा मुलगा प्रवरसेन, आणि प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता, 'महाराजाधिराज देवगुप्ताची' मुलगी. बस. मुलाच्या कागदात आई एवढीच आहे. अमक्याची मुलगी, तमक्याची आई. तिने राज्य चालवले हे त्यात नाही.

आता हा देवगुप्त कोण? 1888 साली फ्लीट या इंग्रज विद्वानाने गुप्तकाळातल्या लेखांचा मोठा ग्रंथ काढला. त्यात हा चम्मकचा पट होता. मगधात पुढच्या काळात देवगुप्त नावाचा एक राजा होऊन गेला होता. फ्लीटने तोच हा असे धरले आणि सगळे वाकाटक घराणे सातव्या-आठव्या शतकात नेऊन बसवले. अक्षरांच्या वळणावरून हे लेख जुने आहेत असे ब्यूलरसारखा जाणकार म्हणत होता, तरी फ्लीटचा अंदाज बरीच वर्षे चालला.

मग पुण्याला एका तांबटाच्या घरी दोन पत्रे मिळाले. का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. ही प्रभावतीची स्वतःची सनद होती, नंदिवर्धनहून दिलेली. तिच्यात आपल्या वडिलांचे नाव तिने स्पष्ट सांगितले आहे. चंद्रगुप्त, समुद्रगुप्ताचा मुलगा. म्हणजे देवगुप्त हे चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव होते. एका झटक्यात सारे घराणे जवळजवळ तीनशे वर्षे मागे, आपल्या जागी आले. आज अजिंठ्याच्या सोळा-सतरा क्रमांकाच्या लेण्यांचा काळ सांगताना वाकाटकांच्या ज्या काळगणनेचा आधार घेतात, तिच्या मुळाशी एका बाईने आपल्या बापाचे सांगितलेले नाव आहे.

म्हणून माझे पहिले सांगणे. बाईबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेला कागद आणि बाईने स्वतः केलेला कागद हे वेगवेगळे ठेवा. आपण केसपेपर भरतो तेव्हा सासऱ्याने सांगितलेले, पोलीसपाटलाने सांगितलेले आणि बाईने सांगितलेले एकाच परिच्छेदात कालवून टाकतो. तसे करू नका. कोण बोलले ते प्रत्येक वाक्यापुढे लिहा.

पुण्याच्या या पटात आणखी काय आहे पाहा. सनदेच्या आरंभी घराणे सांगायचे असते. तिने सासरचे सांगितले नाही, माहेरचे सांगितले. गुप्त राजांची नावे ओळीने दिली. गोत्रसुद्धा माहेरचे, 'धारण' लावले. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. आणि आपल्या आईचे नाव सांगितले, कुबेरनागा, नागकुळातली. गुप्तांच्या लेखांत चंद्रगुप्ताची राणी म्हणून ध्रुवदेवी येते. कुबेरनागा आपल्याला कळते ती मुलीच्या कागदातून. महाराष्ट्रात 2024 मध्ये सरकारी कागदांवर आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला, तेव्हा काही लोक म्हणाले, हे काय नवीन खूळ! त्यांना हा ताम्रपट वाचून दाखवावा.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. इथे इतिहासकारांचे दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही ऐकले पाहिजेत. एक अर्थ असा, की लग्नानंतरही तिने स्वतःची ओळख सोडली नाही. दुसरा असा, की बाप हिंदुस्थानातला सर्वांत बलाढ्य राजा होता, त्याचे नाव सांगण्यात राजकीय वजन होते. पटावरची अक्षरेही विदर्भातल्या नेहमीच्या पेटीसारख्या माथ्याची नाहीत, उत्तरेकडच्या वळणाची आहेत. म्हणजे लिहिणारा कारकून बहुधा गुप्तांकडून आलेला. त्यावरून वा. वि. मिराशी यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकानेही म्हटले, की चंद्रगुप्ताने मुलीच्या मदतीला आपले अधिकारी पाठवले असावेत. हा अंदाज गैर नाही. पण पुढे काही पुस्तकांतून 'मदतीला अधिकारी' याचे 'खरा कारभार बापाचाच' असे होऊन गेले. ही उडी पुराव्याची नाही, सवयीची आहे. आपल्याकडे 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी गावात शिरल्यावर लोक सरपंचबाईच्या नवऱ्याकडे बोट दाखवतात. कधी ते खरेही असते! प्रश्न असा, की शोधल्यावर ते खरे निघाले की शोधण्याआधीच धरून चाललो?

याचे उत्तर शोधायला आपल्याला मोर्शी तालुक्यात रिद्धपूरला जावे लागते. गोविंदप्रभूंचे रिद्धपूर. म्हाइंभटाने लीळाचरित्र जुळवले ते रिद्धपूर. मराठीची आद्य कवयित्री महदंबा जिथे वावरली ते रिद्धपूर. मराठी भाषा विद्यापीठासाठीही तेच निवडले गेले. तिथे प्रभावतीचा दुसरा पट मिळाला. तो रामगिरीस्वामींच्या पायांशी, म्हणजे रामटेकहून दिलेला आहे. साल आहे मुलगा प्रवरसेन याच्या राज्याचे एकोणिसावे. आता विचार करा. बाप जाऊन वीसेक वर्षे झाली आहेत. मुलगा मोठा होऊन गादीवर बसला आहे. तरीही ती स्वतःच्या नावाने जमीन दान देते आणि गोत्र अजूनही 'धारण'च लावते. म्हणजे तो बापाच्या कारकुनाचा हट्ट नव्हता. 'सगळे बापाचे' हा अर्थ इथे लंगडा पडतो. मात्र 'ती पूर्ण स्वतंत्र होती' हेही सिद्ध होत नाही, कारण सालगणना मुलाच्या राज्याची आहे. जेवढे सिद्ध होते तेवढेच म्हणायचे, हीच यातली शिस्त.

याच रिद्धपूरच्या पटात एक शब्द आहे. त्याचा अर्थ काहींनी असा लावला, की प्रभावती शंभराहून अधिक वर्षे जगली. आणि एक जोडनाव आहे, दामोदरसेन-प्रवरसेन यांची आई. हा एकच मुलगा की दोन? मिराशी म्हणाले एकच. दामोदरसेन हे आधीचे नाव आणि गादीवर बसल्यावरचे प्रवरसेन. इतर काही म्हणाले दोन. पुढे भंडारा जिल्ह्यातल्या मिरेगावला तिचा आणखी एक पट मिळाला. संस्कृतात दोघांसाठी वेगळे द्विवचन असते. त्या पटाच्या मुद्रेवर तिने स्वतःला वाकाटकांच्या दोन राजांची आई म्हटले आहे, तेही द्विवचनात. वाद मिटला. दामोदरसेन नावाचा वेगळा राजा होऊन गेला, हे एका प्रत्ययाने ठरले. आणि शंभर वर्षांच्या शब्दाचे काय? आज पुष्कळ अभ्यासक त्याला आशीर्वाद समजतात. मुले-नातवंडे शंभर वर्षे जगोत, अशा धर्तीचा. आशीर्वादाला जन्मदाखला समजले, की बाईचे वय शंभरावर जाते!

मिरेगावच्या त्या मुद्रेने मला थांबवले, ते आणखी एका कारणाने. पुण्याच्या पटात ती 'युवराज दिवाकरसेनाची आई' आहे, साल तेरावे. तेरा वर्षे झाली तरी मुलगा युवराजच. नंतरच्या पटांत दिवाकरसेनाचे नाव नाही, त्याच्या धाकट्या भावांचे आहे. तो बहुधा गादीवर बसण्याआधीच गेला. मुलाच्या मृत्यूबद्दल कुठल्याही पटात एक अक्षर नाही. आपल्याला तो कळतो तो नुसत्या एका नावाच्या गैरहजेरीतून. रेशनकार्डावरून एखादे नाव कमी झालेले दिसले, तर 'कमी केले' एवढे लिहून पुढे जाऊ नका. थांबून विचारा.

दुसरे उदाहरण वाशिमचे. अकोल्याच्या मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगते. 1998 पर्यंत वाशिम तुमच्याच जिल्ह्यात होते. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटकांची दुसरी शाखा तिथे राज्य करत होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात या शाखेचा लेख आहे, पण झिजलेला. जुन्या वाचकांनी त्यातली नावे आपल्याला माहीत असलेल्या राजांची म्हणून वाचली. 1939 मध्ये वाशिमचा ताम्रपट हाती आला. त्यात सर्वसेन आणि विंध्यशक्ती ही नावे होती. मग अजिंठ्याची भिंत पुन्हा पाहिली, आणि त्या झिजलेल्या अक्षरांत सर्वसेन दिसू लागला. तो तिथे दीड हजार वर्षे होता. त्याची कुणाला अपेक्षा नव्हती, म्हणून दिसला नव्हता. जातपंचायतीच्या नोंदवहीत, बचतगटाच्या जुन्या खात्यात, दवाखान्याच्या चिठ्ठीत आपल्यालाही अशीच बाई दिसत नाही, कारण ती तिथे असेल असे आपल्याला वाटत नाही.

रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिराच्या भिंतीवर गिलाव्याखाली एक मोठा शिलालेख निघाला. त्यातले कितीतरी शब्द गेले आहेत. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की प्रभावतीच्या मुलीचे लग्न गुप्त घराण्यात झाले, पुढे भावाने तिला परत आणले, आणि तिने आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधवले. मुलीचे नाव काय यावर एकमत नाही. तिने परत येण्याला होकार दिला होता की नाही, हे सांगणारी जागा झिजलेली आहे. ती जागा मोकळीच ठेवावी लागते. आपल्या मनातला होकार किंवा नकार तिथे भरता येत नाही.

आता माझ्या एका चुकीबद्दल सांगते. हे सगळे वाचायला लागले ते त्या चुकीमुळे.

अकोला जिल्ह्यातली एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने दुसरी आणली होती आणि हिच्याशी लग्नच झाले नाही म्हणत होता. लग्नपत्रिका नाही, फोटो नाही. शेतावर राबल्याचा कागद विचारला तर म्हणाली, "माह्या नावाचा कागद नाई बाप्पा, पन वावर त म्याच केलं." आम्ही पोटगीचा अर्ज केला, त्या वेळच्या कलम 125 खाली. (2024 पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 आले आहे.) अर्ज मजबूत व्हावा म्हणून मी लिहिले, 'लग्नापासून सलग वीस वर्षे सासरी नांदली.' तिने असे म्हटले नव्हते. 'सलग' हा शब्द माझा. समोरच्या वकिलाने रेशनकार्डांच्या नोंदी काढल्या. मधली तीन वर्षे तिचे नाव नव्हते. मार खाऊन ती माहेरी गेली होती आणि मग परत आली होती. ते आम्ही सांगितले असते, तर आमच्याच बाजूचे होते. आता मात्र ती खोटारडी ठरली. माझ्या एका शब्दाने तिची बाकी खरी वाक्येही संशयात आली.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. माहेरच्या शाळेच्या रजिस्टरात मोठ्या मुलाचे नाव सापडले, त्याच तीन वर्षांतले. पुढे एक दिवस तिच्या भावाच्या घरी बसलो होतो. पाणी प्यायला दिले त्या पितळी गुंडाकडे लक्ष गेले. काठाखाली मशीनने कोरलेली अक्षरे होती. मामाकडून भेट, तिचे नाव, नवऱ्याचे नाव, तारीख. मारहाण झाल्यावर माहेरी येताना ती तो गुंड डोक्यावर घेऊन आली होती. मी दहा वेळा त्या घरी पाणी प्याले असेन! कागद शोधत होते, म्हणून भांडे दिसले नाही. पोटगीच्या दाव्यात लग्नाचा काटेकोर पुरावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितले आहे. तरी कोर्टात तो गुंड नेला तेव्हा समोरची बाजू गप्प झाली. पोटगी मंजूर झाली. वावर अजून मिळालेले नाही.

प्रभावतीचा ताम्रपटही तांबटाच्या घरी सापडला होता. तांब्याच्या पत्र्याची किंमत कळणाऱ्या घरी तो होता, वितळला असता तर वंशावळीतले तेवढेच एक वाक्य आपल्याजवळ राहिले असते.

या राणीची आपण पूजा मांडायची का? नाही. रिद्धपूरच्या पटात तिने शेत दिले, घर दिले, आणि त्याबरोबर कुळांची चार घरेही दिली. त्या चार घरांत कोण बाया राहत होत्या, त्यांना विचारले का, हे पटात नाही. तिच्या मुलाच्या चम्मकच्या सनदेत दान मिळालेल्या गावाला वेठबिगार माफ केली आहे. माफी एका गावाला दिली, यावरून कळते की बाकीच्या गावांना वेठ होती. पुरावा असा उलटा धरूनही वाचता येतो. राणीचे नाव तांब्यावर राहिले आणि तिने दिलेल्या कुळांच्या बायांचे कुठेच राहिले नाही. आपल्याकडे येणाऱ्या बायका त्या चार घरांतल्या आहेत. हे विसरून 'पूर्वी बाईला किती मान होता' असे लिहिणार असू, तर मी अर्जात जो 'सलग' लिहिला तोच पुन्हा लिहू.

पुरावा संपत नाही, हेही लक्षात ठेवा. 2015 ते 2018 या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजने नगरधनला उत्खनन केले. तिथे मातीची एक मुद्रा मिळाली, वजन सहा ग्रॅमच्या थोडे वर. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाचे चिन्ह आहे. दानपत्र पुण्यासाठीही देतात, पण मुद्रा मारायची ती कामाच्या पत्रावर. तिच्या नावाने रोजचा व्यवहार चालत होता, याचा इतका साधा पुरावा सोळाशे वर्षांनी चिखलातून आला.

आता दुपारच्या कामाकडे येते. प्रत्येकीने आपल्या हातातली एक केस घ्या. वहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्यात, बाईने स्वतः सांगितलेले, तिच्याच शब्दांत. दुसऱ्यात, दुसऱ्यांनी सांगितलेले आणि ते कोण. तिसऱ्यात, कागद आणि वस्तू. भांडी, पासबुक, लसीकरणाचे कार्ड, रोजगार हमीचे हजेरीपत्रक, देवळाच्या वर्गणीची पावती, काहीही. चौथा रकाना मोकळ्या जागांचा. काय माहीत नाही, कुठले नाव एकाएकी नाहीसे झाले. चौथा रकाना भरलेला नसेल तर मी वही तपासून परत देणार आहे.

आणि जेवणाच्या सुट्टीत आणखी एक काम करा. आपल्या आजीच्या आईचे नाव आठवते का ते एकमेकींना विचारा. सकाळी मी माझ्या आईला फोन करून विचारले. तिलाही आठवले नाही. ती म्हणाली, थांब, माळ्यावरची भांडी काढून बघते.